तीन फुटांवरून

पहिल्यांदा त्यानं मला पाहिलं तेव्हा मी गुडघ्यांवर चालत होते.

डिसेंबरातली सकाळ. जबलपूरच्या गढा भागातल्या टेकडीखालची सरकारी रोपवाटिका अजून धुक्यातून पुरती बाहेर आली नव्हती. रोपांच्या रांगा सुरू व्हायच्या आणि दहा पावलांवर पांढऱ्यात विरून जायच्या. निऱ्या वर खोचून, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात शिवणाची टेप घेऊन मी मुरमाच्या वाटेवरून गुडघ्यागुडघ्यानं सरकत होते. आसपास कोणी नाही याची मी खात्री करून घेतली होती... धुक्यात जितकी करता येते तितकी.

“कुछ गिर गया क्या, दीदी?”

आधी मला बूट दिसले. चिखलानं भरलेले, एकाची नाडी सुटलेली. मग खाकी पँट, मग हातातली झारी, आणि सगळ्यात वर, दव जमलेला चष्मा.

“नाही,” मी मराठीतच बोलून गेले. “मी बघून राहिली.”

“काय?” तोही मराठीत आला. जरा अडखळत, दुसऱ्याच्या घरात जपून पाऊल टाकावं तसा.

“साडेतीन वर्षांच्या माणसाला इथून काय दिसतं ते.”

कोणीही हसलं असतं. तो हसला नाही. त्यानं झारी खाली ठेवली आणि सरळ माझ्या शेजारी गुडघे टेकले. एवढा उंच माणूस एकदम माझ्याएवढा झाला. त्यानं चष्मा पुसला. मग हळूच म्हणाला, “अच्छा... इथून तर फूल दिसतच नाही. फक्त कुंड्यांची बुडं.”

“आणि समोर?”

वाट जिथं वळत होती तिथं टेकडीचा एक काळा खडक खाली उतरून आला होता. त्याच्या पोटाखाली, घाणेरीच्या झुडपाआड, एक पोकळी होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. “तीन वर्षं झाली मला इथं,” तो म्हणाला. “ही गुफा मी पाहिलीच नाही.”

“उंची सव्वादोन फूट. मूल आत जाईल. मोठ्या माणसाला दिसणार नाही,” मी वहीतून वाचलं. “क्रमांक सात.”

त्याचं नाव शैलेंद्र. शेतकी पदवी घेऊन तो या रोपवाटिकेचं काम बघायचा. घरी आई मराठीत बोलायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, त्यामुळे समजायचं सगळं, बोलताना मात्र अटकायचा. हे त्यानं मला आपणहून सांगितलं, जणू तेही माझ्या वहीत लिहायला हवं होतं.

मी कोण, हेही सांगायला हवं. मी विनता. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच जुलैत आमच्या मराठी मंडळाच्या बालवाडीत शिकवायला लागले. साल अठ्ठ्याहत्तर. अठरा मुलं, साडेतीन ते पाच वर्षांची. भिंतीवर भाज्यांचा तक्ता होता. नोव्हेंबरात एकदा मी तक्त्यावरच्या वाटाण्यावर पट्टी ठेवून विचारलं, हा कुठून येतो? पहिल्या रांगेतल्या शकुनं जराही विचार न करता सांगितलं, “भाजीच्या ठेल्यावरून.” सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. जबलपूरची मुलं... जिथं हिवाळाभर घराघरात वाटाण्यांचे ढीग सोलले जातात, तिथली. त्यांतल्या एकानंही वाटाण्याचा वेल पाहिला नव्हता.

मुलांना बाहेर न्यायला मनाई होती. तीन वर्षांपूर्वीच्या सहलीत एक मूल घाटाच्या पायरीवरून घसरून गुडघाभर पाण्यात गेलं होतं. त्याला काही झालं नाही, पण मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी त्या दिवसापासून सहली बंद केल्या. मी परवानगी मागायला गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, जे जे होऊ शकतं ते सगळं आधी लिहून आणा. मी कंटाळून जाईन असं त्यांना वाटलं असावं. मी कॉलेजातली उरलेली प्रयोगवही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, उद्देश. मग साहित्य. मग कृती. संभाव्य धोके एकतीस झाले.

एका सहलीला परवानगी मिळाली, फेब्रुवारीत. अट एकच होती. सहलीनंतर जे घडलं ते जसंच्या तसं लिहून द्यायचं, आणि ते वाचून समिती ठरवेल... पुढं सहली होणार, की दार कायमचं बंद.

मग मी गुरुवारी आणि शनिवारी, बालवाडी सुटली की, सायकलनं रोपवाटिकेत जायला लागले. कामच होतं. क्रमांक तीन, कण्हेर. वाटेच्या दोन्ही बाजूंना कण्हेरीच्या कुंड्या होत्या, अगदी मुलांच्या हातांच्या उंचीवर. पानापासून मुळापर्यंत विषारी झाड ते. मी त्याला सांगितलं आणि घरी आले. पुढच्या गुरुवारी गेले तर वाट मोकळी होती. सगळ्या कुंड्या मागच्या भिंतीशी गेल्या होत्या.

“बावीस होत्या,” तो म्हणाला. “माळी म्हणाला, साहेब, काहून उचलून राहिले? मी म्हटलं, एक मॅडम आहेत, त्या गुडघ्यांवर चालतात.”

त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. मी तिच्याकडे पाहिलं तसा त्यानं हात खिशात घातला.

क्रमांक एक होता रस्ता. बालवाडीपासून रोपवाटिकेपर्यंत मोठ्या माणसाची सहाशे पावलं आणि मधे एकच रस्ता ओलांडायचा, पण तो नागपूरचा रस्ता होता. बरगीचं धरण तेव्हा बांधलं जात होतं आणि त्याच्या कामाचे ट्रक तिथून धूळ उडवत जायचे. कोणत्या तासाला कमी असतात हे कळायला हवं होतं. एका शनिवारी, बालवाडीला सुट्टी होती तेव्हा, आम्ही दोघं सकाळी नऊपासून रस्त्याकडेला पुलियावर, ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या कठड्यावर, बसलो. तो ट्रक मोजायचा, मी वहीत रेघा ओढायची. मधे उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी होती. तो शिंगाडा सोलायचा, पांढरा गर माझ्याकडे सरकवायचा आणि काळी सालं स्वतःच्या बाजूला जमवायचा. नऊ ते दहा, तेवीस ट्रक. दहा ते अकरा, नऊ. अकरा वाजता काम संपलं होतं. आम्ही बारापर्यंत मोजत बसलो.

“आणखी एक तास कशाला?” त्यानं विचारलं.

“तुलनेसाठी,” मी म्हटलं.

“अच्छा,” तो म्हणाला. “मला वाटलं, शिंगाड्यांसाठी.”

त्यानं कुंपणाजवळ दोन हात लांबीचा एक वाफा केला आणि मुलांसाठी वाटाणा पेरला. मी त्याला बजावलं होतं, सुटा दाणा मुलांच्या हातात द्यायचा नाही, नाकात जातो. क्रमांक अकरा. त्यावर त्यानं फार गंभीरपणे विचारलं होतं की तुमच्या यादीत माझा क्रमांक कितवा. मी म्हटलं, तुमच्यापासून मुलांना काही धोका नाही. तो वाफ्यावर वाकला आणि मातीशी बोलल्यासारखं म्हणाला, “मुलांना नाही...”

जानेवारीभर वेल चढत राहिला. पांढरी फुलं आली, मग नखाएवढ्या शेंगा. मी दर खेपेला टेपनं त्यांची लांबी मोजायची. तो टेपचं दुसरं टोक धरायचा. इंचभर शेंगेला दोन माणसांची गरज नसते, हे मला रसायनशास्त्र न शिकताही कळलं असतं.

एक अडचण उरली होती, राधाबाई. आमच्या बालवाडीच्या सेविका, मूळच्या अमरावतीकडच्या. सगळी मुलं त्यांच्या पदराला. पण मुलांना मोजायचं म्हटलं की त्या कानांवर हात ठेवायच्या. “पोराइले मोजू नोका, बाई. नजर लागते.” त्यांची रीत वेगळी होती. निघताना प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्यायचा, परतताना घ्यायचा. ओटीतले चिंचोके परत आले की पोरं परत आली. मी चिंचोक्याला नाही म्हटलं, तोही नाकात जातो. राधाबाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी गोहलपुरातल्या आपल्या भाच्याच्या शिवणाच्या कारखान्यातून दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं घेऊन आल्या. कोणत्याच नाकात जाणार नाहीत एवढी. परतताना मुलांनी रीळ द्यायचं आणि त्या ते नाडीत ओवणार. नाडीला त्यांनी खूणगाठ मारून ठेवली होती. माळ गाठीपर्यंत आली की सगळे आले.

मी म्हटलं, चालेल. तुम्ही ओवा. मी मागं उभी राहून मनात मोजीन, तुम्हाला ऐकू येणार नाही. दोन रीती, एकमेकींचा पडताळा. तीन वेळा मोजायचं, पोचल्यावर, निघताना आणि फाटकाशी.

सहलीच्या दिवशी ऊन असं होतं की जणू कोणी ते चाळून घेतलं होतं. नऊ जोड्या, हातात हात, दुसऱ्या हातात रीळ. दोन मुलांच्या आया पुढं, राधाबाई मधे, मी शेवटी. सव्वादहाला आम्ही रस्ता ओलांडला तेव्हा दोन्हीकडे एकही ट्रक नव्हता, फक्त लांबवर आंब्याच्या मोहराचा वास. पोचल्यावर मोजलं. अठरा.

वेलासमोर मुलं गप्प झाली. मुलं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. शकुनं एका शेंगेला बोट लावलं आणि काढून घेतलं, गरम असावी तसं. मग तिनं वेलाच्या मागं वाकून पाहिलं, ठेला कुठं आहे ते.

शैलेंद्र खाली बसून दाखवत होता. बसून नाही, गुडघ्यांवर. मुलं त्याच्या खांद्यांवर लोंबकळत होती आणि तो हिंदी-मराठीच्या मधल्या कुठल्याशा गोड भाषेत त्यांना सांगत होता की वेल आपली बोटं पुढं करतो, धरायला काही मिळालं की त्याला वेढे घालतो, नाही मिळालं तर हवेतच शोधत राहतो...

निघायची वेळ झाली. राधाबाई नाडी घेऊन फिरायला लागल्या. मी मागं उभी राहिले आणि डोकी मोजायला लागले. बारा, तेरा, चौदा... आणि त्यानं वर पाहिलं.

तीन फुटांवरून. चष्म्याच्या काचेत सगळं आभाळ होतं आणि केसांत वाटाण्याचं एक पांढरं फूल अडकलेलं. तो हसला नाही, नुसता बघत राहिला, आणि मीही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्याजवळ घड्याळ होतं, पण ते बघायचं सुचलं नाही.

राधाबाईंची हाक आली, झाली बाई माळ, गाठीपर्यंत आली. जोड्याही नऊ दिसत होत्या. मी वहीत दुसऱ्या मोजणीसमोर खूण केली आणि निघाले.

फाटकाशी मी पुन्हा मोजलं. सतरा.

पुन्हा. सतरा.

शेवटच्या जोडीत पुष्पा होती, शकुची जोडीदारीण. तिचा हात शैलेंद्रच्या हातात होता. माझी नववी जोडी ती होती. तिनं सरळ सांगितलं, “शकु म्हणाली तू जा, याला घेऊन जा.” शैलेंद्रचा चेहरा पांढरा पडला. शकुनं त्याला आपलं रीळ दिलं होतं, ‘घे, तू पण आमचा’ म्हणून. राधाबाई नाडी घेऊन आल्या तेव्हा त्यानं मुलासारखं हसत ते ओवायला दिलं होतं. राधाबाईंनी रिळं पाहिली, हात नाही पाहिले. शकु राधाबाईंच्या पुढं गेली असेल असं त्याला वाटलं होतं.

राधाबाईंना आणि दोन्ही आयांना मुलं तिथंच धरून बसायला सांगून मी वाटेवर परत धावले. माझ्या मागं त्याची पावलं. तो हाक मारत होता, मधूनच त्याचा आवाज फाटत होता. वेलापाशी कोणी नाही. हौदावर झाकण होतं, ते आम्ही दोघांनीच बसवलं होतं. मग मी थांबले आणि गुडघे टेकले.

घाणेरीआडून एक लाल रिबीन दिसत होती.

क्रमांक सात. आम्ही तोंडाशी लावलेल्या काटक्यांखालून सरकून शकु खडकाच्या पोटाखाली मांडी घालून बसली होती आणि मुंग्यांच्या रांगेला वाटाण्याचं एक टरफल नेता येतं का ते बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. फाटकापासून इथवर चार मिनिटं झाली होती. मी तिला उचलून घेतलं, तरी तिची नजर मुंग्यांवरच होती.

दुपारी तो बालवाडीत आला. मुलं गेली होती. दारातच उभं राहून, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला की चूक त्याची आहे, वहीत त्याचं नाव लिहावं, त्याचे साहेब फार तर रागावतील. पण मोजणीत माझी चूक होती असं लिहिलं तर मुलांचं दार बंद होईल. “सगळं माझ्यावर लिहा. खोटं पण नाही ते.”

“अर्धं आहे,” मी म्हटलं. “अर्धं निरीक्षण लिहीत नाहीत.”

तो एक पाऊल आत आला. “मग मीही येतो समितीला.”

नको म्हणणार होते. कारण वहीत काय लिहायचं ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यानं ते ऐकावं अशी माझी मुळीच तयारी नव्हती... किंवा होती. हे एकच निरीक्षण मला नीट नोंदता आलं नाही.

रविवारी संध्याकाळी समिती बसली तेव्हा मावठ्याचा पाऊस लागला होता. मंडळाच्या कौलांवरून पाण्याच्या तारा उतरत होत्या. भय्यासाहेब खुर्चीत, आमच्या मुख्याध्यापिका कुंदाताई टेबलाशी, राधाबाई दाराला टेकून. शैलेंद्र शेवटी आला, भिजलेला, आणि मागच्या बाकावर बसला. कुंदाताईंनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. रस्ता. ट्रक शून्य. पहिली मोजणी अठरा. रीळ कोणी कोणाला दिलं, कोणी ओवलं. त्यांचा आवाज शाळेच्या घंटेसारखा सरळ होता. मग तो थांबला.

“वाचा ना,” भय्यासाहेब म्हणाले.

कुंदाताईंनी चष्मा पुसला. “मोजणी दुसरी. चौदापर्यंत मोजलं. त्यानंतर माझं लक्ष दुसरीकडे गेलं. पुन्हा मोजलं नाही. रिळांवर विसंबले.”

“दुसरीकडे म्हणजे कुठं? लिहिलंय का?”

“लिहिलंय.”

“मग वाचा.”

“रोपवाटिकेचे श्री. शैलेंद्र यांच्याकडे,” कुंदाताईंनी वाचलं, आणि जे पुढं होतं तेही, कारण मी ते लिहिलं होतं. “कारण, त्यांनी वर पाहिलं.”

कौलांवरचा पाऊस फार मोठा झाला. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. मागच्या बाकावर काहीतरी पडलं, बहुतेक चष्मा.

भय्यासाहेबांनी वही मागून घेतली. तो परिच्छेद त्यांनी स्वतः वाचला, सावकाश. मग वही मिटून म्हणाले की तीन वर्षांपूर्वी घाटावरचं मूल घसरलं तेव्हा त्यांनी चौघांना विचारलं होतं. चौघांनी सांगितलं, एका क्षणात झालं, कोणाचीच चूक नाही. “जिथं कोणाचीच चूक नाही, तिथं सुधारायचं काय? म्हणून मी बंद केलं.” ते माझ्याकडे वळले. “इथं काय सुधारायचं ते समोर आहे. मोठ्यांच्या हातात रीळ द्यायचं नाही. ओवताना हातही बघायचे. मोजणी मधेच तुटली तर पहिल्यापासून. लिहा. मार्चमध्ये घेऊन जा मुलांना.”

मी मान वर केली.

“आणि बत्तिसावा धोका घाला यादीत,” ते उठत म्हणाले. “मोजायच्या वेळी या गृहस्थांना समोर उभं करू नका.”

बाहेर ओसरीवर पाऊस पन्हळीतून ओघळत होता. सगळे निघून गेले. राधाबाई आत चटया गुंडाळत होत्या. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला, टेपच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा तेवढ्या अंतरावर.

“ते जे लिहिलं...” तो म्हणाला. “ते निरीक्षण आहे, की निष्कर्ष?”

“निरीक्षण. आणि एकदाच घेतलेलं. एकदाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत.”

“मग किती वेळा घेतात?”

“निदान तीनदा.”

त्यानं मान डोलावली. मग ओल्या ओसरीवर त्यानं गुडघे टेकले. “मोजा,” तो म्हणाला. “काही पण. थेंब मोजा.” आणि खाली बघत राहिला.

मी पन्हळीचे थेंब मोजायला लागले. एक, दोन, तीन... पावसाचा गार वास, त्याच्या ओल्या केसांचा, भिजल्या मातीचा. बारा, तेरा, चौदा. त्यानं वर पाहिलं.

पंधरा आलाच नाही.

“पुन्हा,” तो म्हणाला, आणि मान खाली घातली. या खेपेला मी नऊपर्यंतच पोचले. आतून राधाबाईंचा आवाज आला, “काय मोजून राहिल्या वं बाई, नजर लागंल.”

“तिसऱ्यांदा?” त्यानं विचारलं. त्याचा आवाज पावसाखाली जेमतेम ऐकू येत होता. “माझं तर झालं आहे, विनता. तीनदा काय... डिसेंबरपासून, दर गुरुवारी, दर शनिवारी.”

मी त्याच्यासमोर गुडघे टेकले. त्याचा अंगठा आता बरा झाला होता, कुंडीच्या काठाची एक पांढरी रेघ तेवढी उरली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

तिसऱ्यांदा मी मोजायला सुरुवातच केली नाही.